पिंपळटाकळीचा दवाखाना

डोणगाव, ता. २२ मार्च १९३४

वामन,

थोरल्या बहिणीनं धाकट्या भावाला लिहिताना आधी आशीर्वाद लिहावा, ही आईची शिकवण. ती ओळ आज मी सोडली आहे. घाईत राहून गेली असं समजू नकोस.

निकाल तुला माझ्या आधी कळला असणार. जिल्हा कौन्सिलच्या निवडणुकीत हे एकसष्ट मतांनी पडले आणि किसनराव वकील निवडून आले. तुझ्या 'न्यायकाटा' साप्ताहिकात पहिल्या पानावर किसनरावांची तसबीर आहे, गळ्यात हार घातलेली. यांच्यासाठी तुझ्याकडे एकच ओळ उरली होती: 'प्रतिस्पर्धी हिंमतराव यांस मतदारांनी त्यांची जागा दाखवून दिली.' बाईनं नवऱ्याचं नाव तोंडानं घेऊ नये म्हणतात. ते मला भावाच्या छापखान्यातून असं वाचावं लागलं. आणि तुला आठ वर्षांचा असताना खामगावच्या शाळेत बोटाला धरून नेऊन बसवलं ते याच माणसानं.

यांची डोणगावची सभा मी आपल्या ओट्यावरून पाहिली. मैदान भरलं, मग लोक शाळेच्या भिंतीवर चढून बसले. तू छापलंस, 'पाऊणशे लोक, त्यातले निम्मे सावलीला आलेले.' आठ दिवसांनी तिथंच किसनराव बोलले. दोन सतरंज्या अंथरल्या होत्या, त्यातली एक रिकामी राहिली. तू छापलंस, 'जनसागर उसळला.' डोणगावात सागर कोणी पाहिलाय रे?

हेही मी गिळलं असतं. विहिरीचं मला गिळता येत नाही.

'पाण्याला कुलूप लावणारा उमेदवार.' एवढा मोठा मथळा तू आजवर कशाला दिला नव्हतास. त्यात एक शब्द खोटा नव्हता, हे मी मान्य करते. यांनी गावविहिरीवर फळ्या ठोकून कुलूप घातलं होतं. तीन दिवस लोकांनी नाल्यात झरे उकरून पाणी भरलं, ते उकळून प्यायले. गोजरबाई म्हातारी रिकामी घागर घेऊन विहिरीच्या काठावर रडत बसली होती. सगळं खरं. फक्त त्या आठवड्यात गावात पटकीनं अकरा माणसं गेली होती, डॉक्टरनं विहिरीत लाल दवा टाकून ती बंद ठेवायला सांगितली होती, आणि कुलूप काढल्यावर बारावं माणूस मेलं नाही, हे छापायला तुझ्याकडे जागा नव्हती.

गोजरबाईचं रडणं तुला खामगावात बसून कसं ऐकू आलं, ते मी विचारत नाही.

मतदानाच्या दिवशी सकाळी आमच्या अंगणात कुलपं पडली होती. गंजलेली, मोडकी, एक तर पितळेचं चांगलं. कोणीतरी घरातलं काढून फेकलं असेल. मी ती केरसुणीनं एका कडेला लोटली. हे दारात उभे राहून पाहत होते. म्हणाले, "मंजुळा, हे आपलेच लोक होत." निकालानंतर तिसऱ्या दिवशी जेवायला बसले आणि उजवा हात ताटाशी जाईना. मग तोंड वाकडं झालं. आता बोलणं नाही, उजवं अंग नाही. डोळे आहेत. ते सगळं पाहतात.

आमची काळजी करू नकोस. एवढंच कर, तुझा अंक दर आठवड्याला पाठवत जा. यांना वाचून दाखवायला काहीतरी लागतं.

मंजुळा


डोणगाव, ता. ३० जून १९३४
(हे पत्र लिहून पेटीत ठेवते आहे. टाकायचा दिवस मी ठरवीन.)

वामन,

तू अंक पाठवतोस. बरोबर दोन ओळींची चिठ्ठी असते, 'भाऊजींची प्रकृती कशी आहे?' मी उत्तर देत नाही.

आज एक गोष्ट लिहून टाकते, म्हणजे ती माझ्या छातीवरून उतरेल. गोजरबाईचं मीच तुला लिहिलं होतं. पटकीच्या साली. चार पानांचं पत्र होतं. हे कसे दिवसभर उन्हात विहिरीपाशी उभे राहिले, लोकांच्या शिव्या कशा खाल्ल्या, म्हातारीसमोर हात जोडून कसे म्हणाले, "मावशे, मले मार, पन हे पानी पिऊ नको." मला अभिमान वाटला होता, तो कोणाला सांगू? भावाला सांगितला. तू त्या चार पानांतून म्हातारी आणि कुलूप तेवढं उचललंस.

यांना हे ठाऊक नाही. ठाऊक होऊ देणार नाही.

तुला वाटत असेल, अक्का रडून गप्प बसेल. मी रडले नाही. मी तुझे दोन वर्षांचे अंक काढून बसले आणि वाचले. स्वयंपाकघरात, दुपारचं काम आटोपलं की. वाचता वाचता मला तुझी खोड सापडली.

खोड पक्की करून घ्यावी म्हणून मी दोन कागद पाठवले. पहिला खरा. मेहकरच्या रस्त्यासाठी कौन्सिलनं गिट्टी पाडली होती. त्यातल्या चौदा गाड्या किसनरावांच्या नव्या बंगल्याच्या पायात गेल्या. ज्या गाडीवानानं त्या ओतल्या तो आमच्याच गावचा. त्याचा अंगठा घेतला, दोघांच्या साक्षी घेतल्या, नाव-गाव-तारीख सगळं लिहिलं. पंधरा दिवसांनी तुझं उत्तर अंकात आलं, अगदी शेवटच्या पानावर: 'सार्वजनिक कार्यकर्त्यांवर शिंतोडे उडवणारा मजकूर पूर्ण चौकशीवाचून आम्ही छापीत नाही.' चौकशीला तू आला नाहीस, माणूसही धाडला नाहीस.

दुसरा कागद खोटा, माझं अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हातानं लिहिलेला. त्यावर नाव नाही, गाव नाही, खाली फक्त 'एक निःपक्षपाती वाचक.' त्यात लिहिलं की वाटेत एका गरीब शेतकऱ्याची गाडी चिखलात रुतली होती, तेव्हा किसनराव टांग्यातून उतरले आणि स्वतः खांदा लावून त्यांनी चाक काढलं. किसनराव! ज्यांच्या धोतराला धूळ लागली तर दोन माणसं झटकायला धावतात. वामन, तो कागद आठ दिवसांत छापून आला. 'चिखलात उतरलेला लोकसेवक.' आणि तू त्यात स्वतःची भर घातलीस की शेतकऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

हे मी यांना वाचून दाखवलं. यांनी डोळे मिटले. मी पदराआड हसले. मार्चनंतर पहिल्यांदा.


डोणगाव, ता. १९ नोव्हेंबर १९३४
(हेही पेटीत.)

वामन,

तुझ्या निःपक्षपाती वाचकानं आता चार पत्रं लिहिली आणि चारही छापून आली. माझ्याकडून दोन खरी बातमीपत्रं गेली, सह्या-अंगठ्यांसकट. एकही नाही. दुसऱ्या पत्रावर तर नऊ सह्या होत्या. शाळेवरचे पत्रे उडाले आहेत, पोरं झाडाखाली बसतात, किसनरावांना तीनदा भेटूनही काही झालं नाही, एवढंच त्यात होतं. तू छापलंस काय? 'विरोधकांनी शाळेसारख्या पवित्र जागेचे राजकारण करू नये.' बातमी नाही, आणि बातमीला उत्तर मात्र आहे!

मग मी मोठं काही करायचं ठरवलं. पिंपळटाकळी तुला ठाऊक नसेल. रानातलं गाव, पावसाळ्यात वाटही राहत नाही, तिथं तुझा अंक पोचत नाही. मी लिहिलं:

'किसनराव वकील यांच्या अविश्रांत खटपटीने पिंपळटाकळी येथे धर्मार्थ दवाखाना सुरू झाला असून एक डॉक्टर व एक कंपाउंडर तेथे कायम राहणार आहेत. आसपासच्या सोळा खेड्यांतील रुग्णांनी लाभ घ्यावा. — एक निःपक्षपाती वाचक.'

दवाखाना कुठला! तिथं मारुतीचं देऊळ आहे आणि एक पडका गोठा आहे.

मला वाटलं, एवढं तरी तू विचारशील. एक कार्ड टाकशील पिंपळटाकळीच्या पाटलाला. निदान किसनरावांनाच विचारशील. कागद टाकल्यावर दोन आठवडे मी थोडी घाबरले होते, हे खरं सांगते. तिसऱ्या आठवड्यात दवाखाना पहिल्या पानावर. चौकटीत.

आणि पुढची गंमत ऐक. मला वाटलं किसनराव खुलासा करतील. ते काय करतात? मेहकरला कापडदुकानदारांनी त्यांचा त्या दवाखान्यासाठी सत्कार केला आणि त्यांनी हार घालून घेतला. म्हणाले, "मी फक्त निमित्त." हेही तू छापलंस.

आता माघ महिन्यात कौन्सिलचा अध्यक्ष निवडायचा आहे आणि किसनरावांचं नाव पुढं आहे, असं तूच लिहितोस. निवडू दे. मेहकरला मोठा समारंभ होईल, तू भाषणाला येशील. त्या दिवशी मी येईन. मी सगळे अंक नीट जपून ठेवले आहेत, घडी न घालता.

यांच्या तोंडून आता एखादा शब्द फुटतो. काल 'पाणी' म्हणाले. चांगलं उमटलं. मी म्हटलं, आणखी थोडे दिवस थांबा, तुम्हाला याहून चांगलं काही ऐकवते.


डोणगाव, ता. १७ फेब्रुवारी १९३५

वामन,

सोबत मागची दोन पत्रं आहेत. तारखा पाहून वाच. मग परवा मेहकरला तुझ्यावर काय आणि कसं कोसळलं ते तुला कळेल. तुझा निःपक्षपाती वाचक मी.

तू मांडवात किसनरावांच्या उजव्या हाताला बसला होतास. मी बायकांच्या बाजूला होते, तू मला पाहिलं नाहीस. तुझं भाषण झालं. वृत्तपत्र म्हणजे जनतेचे डोळे, असं तू म्हणालास. टाळ्या थांबायच्या आत मी उभी राहिले. बाई उभी राहिली म्हणून लोक गप्प झाले, मी काही मोठी बोलणारी आहे म्हणून नाही.

मी म्हणाले, "मले अध्यक्षसाहेबाले एकच इचारायचं हाये. पिंपळटाकळीचा दवाखाना कोन्या दिवशी उघडा असते?"

किसनराव हसले. म्हणाले, "रोजच, बाई."

"मंग हे पिंपळटाकळीचे दोघं जण हायेत. याईले इचारा."

मी दोघांना मुद्दाम आणलं होतं. त्यांनी सांगितलं, दवाखाना नाही, डॉक्टर नाही, किसनराव साहेबाला आम्ही आजच पाहून राह्यलो. मागं हशा झाला. मी अंक वर धरला, चौकट वाचली. मग गाडीवानाचा कागद वाचला, जो तू छापला नाहीस. मग नऊ सह्या. तुझा चेहरा पाहत होते मी, वामन. लहानपणी कोणी खोड्या पकडल्या की तुझे कान लाल होत. तसेच झाले. मला वर्षभर ज्याची तहान होती ती भागत होती. मी आणखी मोठ्यानं विचारलं, "हाये का कोनी इथं? त्या दवाखान्यात गेलेला एक तरी मानूस हाये का?"

मला हशा हवा होता. हशा सुरूही झाला.

तेव्हा मागून एक म्हातारा उठला. खैरवाडीचा पुंजाजी. अर्ज घेऊन किसनरावांना भेटायला आला होता म्हणे. तो म्हणाला, "आमी गेलतो."

हशा थांबला नाही लगेच. त्याला पुन्हा बोलावं लागलं.

"आमी गेलतो, बाई. गाडी घेऊन. माह्या अर्जुनच्या मांडीत बैलानं शिंग घातलं व्हतं. मेहकर पाच कोस. मास्तरनं चावडीवर पेपर वाचला व्हता, का टाकळीले दवाखाना झाला. थे तीन कोस. म्हून तिकडं नेलं. तिथं कोनीच नोयतं. मंग मेहकरकडं फिरलो. वाटेतच गेला पोरगा. लगन होऊन दोन वर्सं झाली व्हती."

त्यानंतरचं तू सोसलंस, मी सांगायला नको. कोणी अंक फाडले, कोणी तुझा फेटा ओढला, कोणी 'खोटारडा' म्हणून ओरडलं. किसनराव मागच्या कनातीतून निघून गेले. तू मात्र तिथंच उभा राहिलास. 'कोणी लिहिलं, कोणी लिहिलं' म्हणून लोक तुला विचारत होते आणि तुझ्याकडे नाव नव्हतं.

माझ्याकडे होतं. मी बोलले नाही.

तुला वाटेल, अक्का घाबरली. नाही. बैल मी सोडला नव्हता. मी एक कागद लिहिला, असले शंभर कागद तुझ्या टेबलावर येतात. छापला तू. छापलं नसतंस तर ती गाडी मेहकरला गेली असती. हे मी कालपासून स्वतःला सांगते आहे आणि ते खरं आहे.

आता तुला कळेल, अंगणात कुलपं पडतात तेव्हा कसं वाटतं. तुझा छापखाना बंद पडो. तुला रस्त्यानं लोक ओळखोत.

माझं नाव छापायचं असेल तर छाप. आता तुझ्याकडे पुरावा आहे.

मंजुळा


खामगाव, ता. २६ फेब्रुवारी १९३५

अक्का,

तुझी तिन्ही पत्रं मी एका बैठकीत वाचली. मग पुन्हा वाचली.

तू म्हणतेस माझी खोड. ती खरी आहे. किसनराव मला चांगला माणूस वाटला. चांगल्या माणसाविषयी कोणी वाईट लिहिलं की मी पुरावा मागायचो, चांगलं लिहिलं की मागायचो नाही. भाऊजींच्या बाबतीत उलटं. ते जुन्या लोकांचे, सरकारच्या कलानं चालणारे, असं मी मनात धरून ठेवलं होतं. मला वाटायचं, यालाच मत असणं म्हणतात. विहिरीचं पत्र हातात असताना मी पटकीचा भाग गाळला. विसरलो नव्हतो. मथळा बिघडत होता.

शेवटचा अंक सोबत आहे. यापुढं 'न्यायकाटा' निघणार नाही. छापखान्याचं सामान मी दुसऱ्याला दिलं. शेगावला एका शाळेत शिक्षकाची जागा आहे, ती मिळते का पाहतो.

भाऊजींना माझा नमस्कार सांग किंवा सांगू नकोस. ते तुझ्यावर.

वामन


डोणगाव, ता. १२ मार्च १९३५

वामन,

तुझा शेवटचा अंक वाचला. पहिल्या पानावर काळ्या चौकटीत: 'पिंपळटाकळीच्या दवाखान्याची बातमी संपूर्ण खोटी होती. ती तपासून न पाहता आम्ही प्रसिद्ध केली. तिच्यामुळे खैरवाडीच्या एका तरुण शेतकऱ्याचे प्राण गेले. ती कोणी धाडली हे कोणी विचारू नये. दोष सर्वस्वी संपादकाचा.'

तू पुन्हा अर्धंच छापलंस.

मी तुला लिहिलं होतं, नाव छाप. तुला पुरावा पाठवला होता, माझ्याच हातचा. आणि तू माझं नाव गाळलंस. यांच्या वेळी कारण गाळलंस, माझ्या वेळी नाव. तुला आवडेल त्याला वाचवायचं आणि नावडेल त्याला बुडवायचं, ही तुझी खोड छापखाना विकूनही गेली नाही. माझ्यावर उपकार करायला तुला कोणी सांगितलं? मला तुझा अपमान हवा होता, तो मिळाला. तुझी दया मी मागितली नव्हती. दोन दिवस तो अंक घरात होता आणि मला घरात बसवेना.

तिसऱ्या दिवशी मी खैरवाडीला चालत गेले.

पुंजाजी शेतात होता. सून घरी होती. कोकिळा तिचं नाव, वीस वर्षांचीही नसेल. अंगणात तुरी पाखडत होती. मला पाहून म्हणाली, "मेहकरले बोलल्या त्याच ना तुमी? मामंजीनं सांगतलं. बसा." गोणपाट झटकून अंथरलं. म्हणाली, "आमच्यासाठी कोनी असं उभं नाही राह्यलं, बाई."

वामन, त्यापेक्षा तिनं मला सुपानं मारलं असतं तर बरं झालं असतं.

मी उभ्या उभ्याच म्हणाले, "ते पेपरातलं मी लिहिलं व्हतं."

"दवाखान्याचं?"

"हाव."

तिचं सूप थांबलं. "काऊन?"

मी सगळं सांगितलं. विहीर, निवडणूक, हे, तू. ती तुरीतले खडे वेचून एका बाजूला टाकत राहिली. माझं संपल्यावर म्हणाली, "म्हंजे तुमचं भांडन भावाशी व्हतं."

"हाव."

"मंग त्यात आमी कोन व्हतो?"

मी म्हणाले, "मले काय शिक्षा द्यायची थे दे."

"मी कोन शिक्षा देनारी," ती म्हणाली. मग सूप खाली ठेवून म्हणाली, "मेहकरले मोठ्यानं बोलल्या ना? तसंच डोनगावच्या बाजारात बोला. माह्या कानात सांगून काय फायदा? मी येईन आयकाले."

बाजाराच्या दिवशी मी गेले. कापडवाल्यांच्या पालांपाशी एक रिकामी बैलगाडी सुटलेली होती, तिच्यावर चढले. मेहकरला माझ्या हातात अंक होते, बोलायला जोर होता. इथं हातात काही नव्हतं. मी म्हणाले, दवाखान्याची खोटी बातमी माझ्या भावाला मी पाठवली, त्यानं न विचारता छापली, अर्जुन त्या बातमीनं मेला, आणि मेहकरला मी लोकांना हे सांगितलं नाही. एवढंच. मला वाटलं होतं बोलायला खूप वेळ लागेल. मिरचीवाल्याचं एक माप भरेपर्यंत संपलं.

मग लोक बोलायला लागले. ते मी लिहीत नाही, तुला ठाऊक आहे लोक काय बोलतात. गोजरबाई आली होती, ती पायाखालची माती उचलून माझ्या दिशेनं फेकून गेली. पुंजाजी खाली बसला आणि त्यानं उपरण्यात तोंड घातलं. कोकिळा सगळं संपेपर्यंत उभी होती. रडली नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही. मग तिनं मीठ घेतलं, सासऱ्याला उठवलं आणि दोघं खैरवाडीच्या वाटेनं गेली.

किसनराव अध्यक्ष आहेत. तुला कळलं असेलच. नागपूरकडच्या कोणत्याशा पत्रात त्यांचं निवेदन आलं आहे, तसबिरीसकट, तीन रकाने: 'वृत्तपत्राने माझी व जनतेची फसवणूक केली.' मेहकरचा रस्ता तसाच आहे. त्यांच्या बंगल्याला आता वरचा मजला चढतो आहे. आपण दोघा बहीण-भावांनी मिळून एकमेकांना बुडवलं आणि ज्याला बुडवायचं होतं तो कोरडा निघाला. हे मी पश्चात्तापानं लिहिते असं मनात आणू नकोस. पश्चात्ताप खैरवाडीसाठी आहे. तुझ्यासाठी राग तसाच आहे.

यांना बाजारातून आलेल्या कोणीतरी सांगितलं. मी घरी आले तेव्हा बाजेवर बसले होते. मी जवळ गेले तर डाव्या हातानं मला थांबवलं. आता चार-सहा शब्द येतात. म्हणाले, "किती?"

मला वाटलं मतं विचारताहेत, दिवस विचारताहेत, काय विचारताहेत.

पुन्हा म्हणाले, "माणसं. किती?"

मी म्हणाले, "एक."

त्यांनी मान फिरवली. त्या दिवसापासून माझ्या हातचा घास घेत नाहीत. शेजारच्या रुक्मिणीबाई येऊन भरवतात. ताट मीच वाढते, ते तिच्या हातात देते आणि मागच्या दारी जाऊन बसते. मला राग येत नाही त्याचा. पटकीच्या साली जो माणूस तीन दिवस उन्हात उभा राहिला, तो आणखी काय करील?

तुला मी माफ केलेलं नाही. तू मला करू नकोस. शेगावची नोकरी मिळाली तर मुलांना नीट शिकव. राखीच्या दिवशी वाट पाहू नकोस, काही येणार नाही. आणि यांच्या प्रकृतीविषयी त्या दोन ओळींच्या चिठ्ठ्या आता बंद कर. आज सकाळी रुक्मिणीबाईला यायला उशीर झाला, यांना तहान लागली होती, आणि मी तांब्या घेऊन दारात उभी राहिले. यांनी माझ्याकडे पाहिलं. पुढं काय झालं, माझ्या हातचं पाणी घेतलं की नाही, ते तुला कळणार नाही. तुला जन्मभर दोन्ही बाजूंनी विचार करत बसावं लागेल.

मंजुळा